विरामातली पावलं

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं, अक्षर स्वच्छ होतं, प्रश्न एकच होता आणि सोबत पत्ता घातलेलं कोरं पाकीटही होतं. म्हणजे उत्तर न देण्याला सबब म्हणून काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं. मी ते आधी एका शब्दकोशात ठेवलं, मग दुसऱ्या शब्दकोशात, आणि शेवटी कोटाच्या आतल्या खिशात. शब्दकोश मला दिवसातून अनेकदा उघडावा लागतो, कोट मी क्वचितच घालतो.

पत्र सभागृहाच्या पियानोवादक बाईंचं होतं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी आमचा संबंध जुना. त्यांच्या कार्यक्रमाला दारात जी छोटी पुस्तिका देतात, तिच्यातली टिपणं मी लिहितो. रचना कुणाची, कधीची, ऐकताना कान कुठे द्यायचा, असं. तरुणपणी हे काम धरलं आणि मग ते सुटलं नाही. खरं तर एवढ्या स्वस्तात सभागृहाला दुसरा कुणी मिळाला नसावा. टिपणं टपालाने जातात, मानधन टपालाने येतं. मध्ये कुणाला भेटावं लागत नाही, हा या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

बाईंनी लिहिलं होतं, की मालकांनी तिकिटांचे दर पुन्हा वाढवले. दर वाढले म्हणून माणसं कमी झाली, आणि माणसं कमी झाली म्हणून आता आणखी वाढवणार आहेत. पण त्याहून त्यांना एक सोपी युक्ती सुचली आहे. बाईंनी रिकाम्या सभागृहात कॅमेऱ्यापुढे वाजवायचं आणि लोकांनी घरी लोळत, थोड्या पैशांत, पडद्यावर बघायचं. खुर्च्या काढून तिथे दुसरं काही करता येईल. करारात अशी अट होती, की बाई नाही म्हणाल्या तर सभागृह आणखी एक हंगाम चालू ठेवावं लागेल. होय की नाही, ते त्यांना महिनाअखेर सांगायचं होतं. पत्राचा शेवट मला पाठ झाला होता. ‘मी स्टेजवर असते, मला तिथून कळत नाही. तुम्ही इतकी वर्षं समोर बसून ऐकलं आहे. खिशातून एवढे पैसे काढून इथे येण्यात अजून काही अर्थ आहे का, ते मला खरं सांगा. तुम्ही सांगाल तेच मी मालकांना सांगेन.’

आता अडचण एवढीच होती, की मी समोर बसून कधीच ऐकलं नव्हतं. एकदाही नाही.

मला गर्दीत खोकला येतो. एरवी येत नाही, झोपेत येत नाही, थंडीत येत नाही. चारजण शांत बसले, की घशात काहीतरी जागं होतं. शिवाय खुर्चीपर्यंत जाताना लोकांचे गुडघे ओलांडावे लागतात, आणि त्यांच्याकडे तोंड करून जायचं की पाठ, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. सभागृहाकडून मला पूर्वी फुकट पास येत. ते मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना देत असे. ते भलते रसिक. कार्यक्रम झाला, की दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून सगळं सांगत, आणि मी ‘अगदी, अगदी’ म्हणत असे. दरवाढीबरोबर पास बंद झाले आणि माझं रसिकत्वही बंद झालं.

राहता राहिली माझी थोरली बहीण. ताई आणि मी एकाच घरात वाढलो आणि एकाच घरात म्हातारे झालो. ती जन्मभर लोकांचे कपडे शिवत आली. अजूनही कुणाची बाही आखूड दिसली तर रस्त्यात थांबवून सांगते. मला ती पुस्तक्या म्हणते. माझी टिपणं तिने कधी वाचलेली नाहीत. पुस्तिकेचा कागद जाड असतो म्हणून कॉलरचे नमुने कापायला मात्र बरा, असं तिचं मत आहे. लहानपणी झाडावरून पडली तेव्हापासून तिचा डावा पाय किंचित घासतो. घड्याळाची टिकटिक जशी घरच्यांना ऐकू येत नाही, तसा तो आवाज मला ऐकू येत नाही.

पत्र तिला सापडलं ते कोटाचं अस्तर उसवलं म्हणून. मी वाचत बसलो होतो. ती दारात उभी राहिली, एका हातात कोट, दुसऱ्या हातात पत्र, दातांत टाचणी.

“ही बाई तुझ्यावर आपलं पोट सोपवून बसली आहे,” ती टाचणीच्या बाजूने म्हणाली, “आणि तू तिला अस्तरात घातलंस?”

मी समजावू लागलो, की खोटं लिहिणं मला जमणार नाही आणि खरं मला माहीत नाही. ती म्हणाली, की मग माहीत करून घ्यावं, सोपं आहे. मी म्हणालो, तिकिटाचा दर तिला ठाऊक आहे का. ठाऊक नव्हता. मी सांगितला. टाचणी खाली पडली.

त्यावर ती बरंच बोलली. एवढ्या पैशांत त्या बाईने पियानो पाठीवर घेऊन आमच्या घरी यावं, असं तिचं म्हणणं पडलं, आणि वाजवून झाल्यावर जिना पुसून जावं. मी लगेच होकार दिला, म्हणजे जाणं टळलं असं समजून. पण ताईचं असं असतं, की एखादी गोष्ट महाग आहे हे तिने स्वतः जाहीर केलं, की मग तिला ती बघायचीच असते. ती तडक खाली गेली. येताना डॉक्टरांनाच घेऊन आली. तिघांनी जायचं ठरलं. कार्यक्रम दुपारचा होता, कारण दुपारी दर जरा उतरतो; दिवस शनिवार; रांग शेवटची. आणि रचना कोणती, तर लांबडी.

लांबडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सभागृहात सगळे तिला तसं म्हणतात, कारण ती एकटीच अख्खा कार्यक्रम खाते. ती ऐकून मी माझं पहिलं टिपण लिहिलं होतं. तेव्हा आमच्याकडे ग्रामोफोन होता आणि तो ताईच्या शिवणखोलीत असे. शिवणयंत्राच्या खडखडाटात तिला सोबत लागे. ऐकायचं मी शेजारच्या खोलीत बसून, बंद दाराआडून, कारण तिच्याकडे बायका मापं द्यायला येत आणि मी तेव्हाही असाच होतो. मी हाक मारून सांगायचो, ताई, लांबडी लाव. ती लावायची, काम थांबवायची आणि मी वहीत लिहायचो. ते टिपण मला अजून पाठ आहे, कारण पुढे प्रत्येक हंगामात ते जसंच्या तसं छापलं गेलं:

‘रचनेच्या ऐन मध्यावर वादक थांबतो. पूर्ण शांतता. कान देऊन ऐकल्यास या शांततेत जवळ येणाऱ्या पावलांचा भास होतो. एक पाऊल ठाम, एक घासत. हा विराम दर खेपेस वेगळ्या लांबीचा वाटतो, यातच रचनाकाराचं मोठेपण आहे. श्रोत्यांनी कृपया इथे टाळ्या वाजवू नयेत.’

पुढे तबकडी तडकली, ग्रामोफोन विकला. कितीतरी वर्षांनी नव्या ध्वनिमुद्रणांत लांबडी ऐकली, तर विराम कुठेच नाही. मला राग आला. मला राग क्वचित येतो, म्हणून तो वाया जाऊ नये असं वाटून मी टिपणात एक खवचट वाक्य वाढवलं: ‘अलीकडच्या ध्वनिमुद्रणांत घाईपोटी हा विराम गाळला जातो. या सभागृहात तो आजही निष्ठेने पाळला जातो.’ निष्ठेने पाळला जातो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, की त्या विरामात आपल्याला सगळ्या पेशंटांचे दात माफ करावेसे वाटतात.

तिकिटं डॉक्टरांनी त्यांच्या फोनवरून काढली. दराखाली आणखी एक रक्कम होती, सोयीचं शुल्क म्हणून. कसली सोय, ते त्यांनाही सांगता येईना. तिकीट त्यांच्याच फोनवर आलं, त्यांनीच ते दवाखान्याच्या कागदावर छापलं, त्यामुळे मागच्या बाजूला दात घासायची पद्धत होती. ताईने सगळं नीट समजून घेतलं.

“म्हणजे कापड गिऱ्हाइकाने आणायचं, शिवायचं गिऱ्हाइकाने, आणि शिलाई आपण घ्यायची,” ती म्हणाली. “मला हा धंदा आधी का नाही सुचला.”

माझ्या खोकल्याचा बंदोबस्त तिने स्वतःकडे घेतला. गोळ्यांचे कागद ऐन शांततेत कुरकुरतात, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून शनिवारी सकाळी तिने सगळ्या गोळ्या घरीच सोलल्या आणि तिच्या बटणांच्या डबीत ठेवल्या. बटणं आधी रिकामी केली का, असं मी विचारलं होतं. माझ्यावर विश्वास नाही का, असं तिने विचारलं होतं. आणि डबी पर्समध्ये टाकली.

आम्ही निघालो. पुढे ताई, तिने स्वतः शिवलेल्या जांभळ्या कोटात; मधे डॉक्टर, ज्यांना पैसे देऊन जायची सवय नसल्यामुळे ते उगाच रुबाबात चालत होते; मागे मी, खिशात पत्र घेऊन. दारात पाण्याची बाटली काढून घेतली. आत तेच पाणी विकत होते. एका माणसाने मला पुस्तिका दिली आणि म्हणाला, वाचा हं, फार छान लिहिलंय. मी थँक्यू म्हणालो, आणि मग वाटलं, थँक्यू कशाला म्हणालो, याला काय वाटलं असेल, आणि परत मागे वळून काही सांगणार तोवर ताईने माझी बाही धरली.

सभागृह मला वाटलं होतं त्याहून लहान होतं आणि माणसं वाटली होती त्याहून मोठी. लाकडी जमीन स्टेजकडे उतरत जाते, हे मला माहीत नव्हतं. आमच्या जागा अगदी कडेला होत्या, त्यामुळे कुणाचे गुडघे ओलांडावे लागले नाहीत. उलट इतरांनी माझे ओलांडले, आणि प्रत्येकजण वेगळ्या पद्धतीने ओलांडत होता. म्हणजे नियम असा काही नाहीच. एवढं एक ओझं तर उतरलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आमच्या पुढच्या रांगेतला एक टकला गृहस्थ बायकोला सांगत होता, की याच पैशांत घरी मोठा पडदा आला असता, हप्त्यांवर. बायको म्हणाली, पडदा आला असता तर तू त्याच्यापुढे झोपला असतास, इथे निदान बसून झोपशील.

पियानोवाल्या बाई आल्या. बारीक चणीच्या, केस करडे, पायात काळे चामडी बूट. त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांची नजर रांगांवरून फिरली, रिकाम्या खुर्च्यांवर जराशी अडखळली, आणि मला वाटलं ती माझ्यावर येऊन थांबेल. मी पुस्तिकेमागे तोंड लपवलं. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही, हे नंतर आठवलं.

मग लांबडी सुरू झाली.

खरं सांगतो, पहिल्या भागात मी संगीत फारसं ऐकलंच नाही. मला इतर गोष्टी ऐकू येत होत्या. बाई अवघड जागी नाकाने श्वास घेत. पियानोचा खालचा सूर आधी माझ्या बुटांत यायचा आणि मग कानात. एकदा त्यांचं बोट घसरलं, चक्क चुकलं, आणि सगळं सभागृह एक केसभर पुढे झुकलं, जसं कुणी पायरी चुकल्यावर आपण नकळत हात पुढे करतो. माझ्या घरच्या तबकड्या कधी चुकल्या नाहीत. त्यामुळे मी त्यांच्यासाठी कधी झुकलोही नाही.

मग घशात ते जागं झालं. मी ताईला कोपराने खुणावलं. तिने अंधारात डबी उघडली, चाचपून माझ्या तळहातावर गोळी ठेवली, मी ती तोंडात टाकली. खोकला थांबला. गोळी मात्र विरघळेना. मी ती या गालातून त्या गालात नेली. चव काहीच नव्हती. वाटलं, डॉक्टरांनी सुचवलेली बिनसाखरेची असेल.

आणि आला तो विराम.

बाईंनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले. सगळं थांबलं. अशी शांतता मी ऐकलेली नव्हती. माझ्या खोलीत शांतता असते, पण ती नुसती कुणी नसल्याची असते. इथे एवढी माणसं होती, आणि प्रत्येकजण आवाज न करण्याचं काम मन लावून करत होता. टकला गृहस्थसुद्धा. माझं टिपण वाचून हे सगळे थांबले आहेत, हे माझ्या ध्यानात आलं आणि माझे कान तापले.

मग बाईंचा पाय हलला. स्टेजच्या लाकडावर त्यांनी बूट टेकवला, हलकेच. टक. मग दुसरा बूट ओढला. सर्र. टक, सर्र. टक, सर्र. अगदी माझ्या टिपणाबरहुकूम, एक ठाम, एक घासत, लांबून जवळ येणारं.

मी ते पाऊल जन्मभर ओळखत होतो. स्वयंपाकघरातून येताना, जिन्यावरून उतरताना, मी आजारी असताना उशाशी येताना. आत्ता तासाभरापूर्वी ते माझ्यापुढे फुटपाथवर चालत होतं. माझ्या डोळ्यांपुढे बंद दार आलं, त्यापलीकडची शिवणखोली, आणि तबकडीची एक बाजू संपल्यावर खुर्चीवरून उठून, हातातलं माप टाकून, ती उलटायला जाणारी ताई. गिऱ्हाईक असलं, की वेळ लागायचा. नसलं, की कमी. रचनाकाराचं मोठेपण.

मी ताईकडे वळलो. ताई स्टेजकडे पाहत होती, भुवया वर, तोंड उघडं. ताईने जन्मभर शिवणयंत्रावरून ओरडून बोलायची सवय लावून घेतली आहे. तिची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

“पुस्तक्या,” ती कुजबुजली, “अरे, ही तर मी आहे.”

ते स्टेजपर्यंत गेलं असणार. मला हसू आलं. साधं नव्हे, लहानपणी प्रार्थनेच्या वेळी यायचं, पोटातून, नाक दाबलं तर कानातून निघेल असं. मी ओठ घट्ट मिटले. खांदे हलू लागले. शेजारी ताई हलत होती, तिच्या शेजारी डॉक्टर, त्यांना काय झालंय हे ठाऊकही नव्हतं, पण आमच्या खुर्च्या आणि त्यांची खुर्ची एकाच दांड्याला जोडलेल्या होत्या. पुढची रांग हलली. मी शेवटचा प्रयत्न म्हणून गोळी दातांखाली धरून जोरात चावली, आणि कळलं, की तिला चार भोकं आहेत.

मी कोटाचं बटण चघळत होतो.

यापुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. तोंड उघडलं, बटण उडालं. ते वाटेतल्या लाकडावर पडलं, टक, आणि मग कडेवर उभं राहून त्या उतारावरून निघालं, सर्रर्र, एकेक रांग ओलांडत, अगदी सावकाश, जणू त्याने सोयीचं शुल्क भरलं होतं. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळत गेल्या. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांनी पाऊल थांबवलं होतं. त्यांच्या पावलाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरून कुणीतरी उत्तर देत होतं. बटण स्टेजच्या फळीला लागलं, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि निजलं.

कुणी हसलं नाही. म्हणजे सगळे हसत होते, पण आवाज कुणाचाच नव्हता. टकल्या गृहस्थाचं डोकं लाल झालं होतं. बाईंच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. त्यांनी आणखी थोडं थांबून घेतलं, सगळ्यांना अगदी काठावर आणलं, आणि मग हात उचलून दुसरी बाजू सुरू केली. ही बाजू मी शेकडो वेळा ऐकली होती आणि तिला गंभीर, चिंतनशील वगैरे म्हटलं होतं. ती चक्क हसत होती. पहिल्याच सुरावर सगळ्या सभागृहाचा श्वास एकदम सुटला, आणि त्यापुढे बाई काय वाजवत होत्या कुणास ठाऊक, त्यांच्या खांद्यांनाही हसू आवरत नव्हतं, बोटं धावत होती, चुकत होती, पुन्हा पकडत होती, आणि मी, ज्याने या रचनेवर इतकी पानं लिहिली, लहान पोरासारखा खुर्चीच्या टोकावर आलो होतो. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा मी उभा होतो. कधी उठलो ते आठवत नाही. पुढच्या माणसाच्या पाठीवर मी टाळी वाजवत होतो, असं ताई सांगते.

बाहेर पायऱ्यांवर लोक जायचं नाव घेईनात. टकला गृहस्थ अनोळखी माणसांना बटणाचा मार्ग हाताने दाखवत होता. त्याच्या बायकोने पुस्तिका उलटीसुलटी करून डॉक्टरांना विचारलं, की ते गडगडणं रचनेतच आहे का. डॉक्टर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत येईल. आम्ही तिघं समोरच्या बाकावर बसलो आणि एकमेकांकडे पाहायचं नाही असं ठरवलं, कारण पाहिलं, की पुन्हा सुरू व्हायचं. ताईने डबी उघडून पाहिली. गोळ्या होत्या, आणि तळाशी आणखी दोन बटणं होती. ती म्हणाली, की ही मी मोजली नव्हती.

डॉक्टर निरोप घेऊन गेले. मग माझं हसू ओसरलं आणि नेहमीचं सुरू झालं. विराम खोटा होता. बाईंच्या आधी इथे त्यांचे गुरू वाजवत; त्यांनी तो माझ्या टिपणावरून घेतला असणार, बाईंनी गुरूंकडून, आणि लोक तो पुस्तिकेत वाचून वाट बघत बसत. हे मी बाईंना कळवलं, तर त्या म्हणतील, हा माणूस समोर कधी बसला नाही, याने ऐकलं ते भिंतीआडून, लिहिलं ते चुकीचं, याच्या सांगण्यावरून मी नाही कशी म्हणू? आणि नाही कळवलं, तर ते खरं सांगणं कसलं. हे सगळं मी ताईपुढे बोललो. शब्दकोशापुढे बोलतो तसं, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

“मी उठले होते ना?” ताई म्हणाली.

मी म्हणालो, हो.

“तबकडी उलटली होती ना? मग खोटं काय त्यात? तू ऐकलंस, तेच लिहिलंस. आता काय झालं तेही लिही, आणि मोकळा हो. आणि लवकर, मला थंडी वाजते.”

मी खिशातून पाकीट काढलं. कागद नव्हता, म्हणून पुस्तिकेचं शेवटचं कोरं पान फाडलं. पानाखाली आधार म्हणून ताईने आपली पर्स दिली. एरवी मी एका वाक्याचे चार मसुदे करतो. त्या दिवशी पान एकच होतं.

‘ते बटण माझं होतं. माफ करा.

आपल्या पत्राला उशीर झाला, कारण आपण समजता तसा मी समोर कधी बसलोच नव्हतो. आज बसलो. तिकीट फार महाग आहे. खुर्चीचा दांडा पाठीला टोचतो. पाणी काढून घेतात आणि तेच विकतात. वर्षातून एकदाच मला हे परवडेल, आणि ज्यांना तेवढंही परवडत नाही त्यांच्यासाठी मालकांनी काही करायला हवं, हेही त्यांना सांगा.

लांबडीत विराम नाही. माझी ताई तबकडी उलटायला उठायची, ती पावलं मी भिंतीआडून ऐकली आणि रचनाकाराच्या नावावर लिहिली. मी घरी ऐकला तेव्हा त्या विरामात एकटी ताई होती. आज सगळे होते, आणि आपण आमच्यासाठी थांबलात. कॅमेऱ्यासाठी आपण थांबला असता, असं मला वाटत नाही. बटण तर नक्कीच आलं नसतं. म्हणून अर्थ आहे. एवढे पैसे देऊनही आहे. मालकांना नाही म्हणा.

विराम काढू नका. ताई आता तो स्वतःचा समजते.’

सही केली. पुन्हा वाचायला घेतलं, तर ताईने कागद ओढून पाकिटात घातला, पर्समधून टपालाचं तिकीट काढून चाटलं आणि अंगठ्याने दाबून बसवलं. आज काढलेल्यांपैकी हे एक तिकीट मात्र परवडलं, असं म्हणाली. टपालपेटी सभागृहाच्या बाजूच्या दाराशीच होती. मी तिच्यापाशी गेलो, पाकीट फटीत अर्धं घातलं आणि तसाच थांबलो.

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं आणि पियानोवाल्या बाई बाहेर आल्या. गळ्यात लोकरी मफलर, हातात साधी कापडी पिशवी. माझ्यापासून चार हातांवर उभ्या राहून त्या मूठ उघडून काहीतरी न्याहाळत होत्या. काळं होतं, गोल होतं, चार भोकांचं. त्या स्वतःशीच हसल्या.

“ती बघ,” ताई माझ्या कानाशी म्हणाली, म्हणजे रस्त्याच्या पलीकडेही गेलं असेल. “समोर उभी आहे. हातात दे की.”

बाईंनी वर पाहिलं. ताईच्या जांभळ्या कोटाकडे, आणि मग माझ्याकडे. मला खोकला आला. मी मान लववली, त्यांनीही लववली, आणि मी पाकीट सोडलं. ते पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज झाला.

“सोमवारी मिळेल त्यांना,” मी म्हणालो.

ताईने कपाळाला हात लावला, मग तोच हात माझ्या कोपरात अडकवला आणि मला घराकडे वळवलं. टक, सर्र. मी विचारलं, पत्ता दिसेलसा वरच्या बाजूला होता ना. ती म्हणाली, “चल.”